रॅलीच्या वळणावर आई दिसेना

जंगलातल्या कार रॅलीचे फोटो काढायचे माझ्या फार दिवसांपासून मनात होते. पाटणच्या वरच्या डोंगरात एक टप्पा होणार असं कळलं आणि मी कॅमेरा पुसायलाच घेतला. आई तेव्हा वडूजहून आमच्याकडे आष्ट्याला राहायला आली होती. म्हणाली, "मी काय हितं भिंती बघत बसू व्हय? मला बी ने."

तांबडं फुटायच्या आत आम्ही दोघी निघालो. पेठ नाक्यावर हायवेला लागलं की कराड लगेच येतं. तिथं मिसळ खाऊन घ्या, कारण वर चहाची टपरीसुद्धा नाही. पाटणपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे ऊस संपतो, ऐन-जांभळाची झाडी सुरू होते आणि खड्डेही. रॅलीचा रस्ता लवकर बंद करतात, तेव्हा वेळेत पोचा. बघायला तिकीट नाही. गाडी शेतात लावायचे किरकोळ पैसे तेवढे लागतात. तिथून चढ चालत जायचा. पाणी भरपूर घ्या. मोबाइलला रेंज नाही.

आम्हाला जागा मिळाली ती एका अवघड वळणावर, रस्त्याच्या आतल्या बाजूच्या उंच दरडीवर. वळण सांभाळायला शिट्टी आणि झेंडा घेतलेला एक मार्शल होता. तो पुन्हा पुन्हा बजावत होता, "खाली कुणी उतरायचं न्हाई. गाडी कवा येईल न्हाई सांगता यायचं."

आधी आवाज येतो, मग झाडी हलल्यासारखी वाटते आणि गाडी आडवी घसरत तांबड्या मातीचा फवारा उडवून निघूनही जाते. पहिल्या गाडीला आईनं कान झाकले. दुसरीला हसली. "ह्यांच्या आयांना झोप कशी लागत आसंल गं?"

मी कॅमेऱ्याला डोळा लावला तो लावलाच. कितीतरी गाड्या गेल्या. मग एक पांढरी गाडी आली. तिचं मागचं चाक कडेवरून निसटलं आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळ्यांवरून ती खाली दिसेनाशी झाली. पत्रा आपटल्याचे आवाज आले. मग काहीच नाही. नुसता धुरळा.

"आई, बघितलंस?" म्हणून मी वळले. आई नव्हती. तिची पिशवी होती.

मागे बसलेला एक माणूस म्हणाला, "आवं, मावशी मघाशी रस्ता वलांडून पल्याड गेल्या की. झुडपाआड जाऊन येते म्हणाल्या."

"पल्याड कुठं?"

त्यानं बोट केलं तिथूनच धुरळा वर येत होता.

मी दरडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. मार्शल पुढच्या गाड्या थांबवायला झेंडा हलवत ओरडत होता. मी रस्ता ओलांडून उतारावर घसरले. खाली ऐनाच्या झाडाला अडकून गाडी उलटी पडली होती. चाकं अजून फिरत होती. आणि तिच्याजवळ आई पालथी पडली होती. मला फक्त तिचे पाय आणि लुगडं दिसत होतं. हालचाल नव्हती.

मी तिथंच मातीत बसले.

तेवढ्यात तिचाच आवाज आला. "डोळं मिटू नगंस. माझ्याकडं बघ. नाव काय तुजं?"

तिनं फुटलेल्या खिडकीतून डोकं आत घातलं होतं. ड्रायव्हरला पुढचा रस्ता वाचून सांगणारी मुलगी आत पट्ट्यांना उलटी लटकली होती. ड्रायव्हर कसाबसा बाहेर आला होता आणि झाडाला धरून एकच विचारत होता, "ती बोलतेय का? ती बोलतेय ना?"

"बोलतीया," आई म्हणाली. मग मागे न बघताच मला, "बसलीस काय? माणसं बोलाव. पेट्रोलचा वास याय लागलाय."

मग मात्र मी जीव खाऊन ओरडले. आग विझवायचं नळकांडं घेऊन मार्शल आला, मागोमाग बघायला आलेली माणसं घसरत उतरली. कुणी पट्टे कापले, कुणी तिला खालून झेललं. मनगट मोडलं होतं. बाकी ती शुद्धीवर होती. रॅलीच्या ॲम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत आईनं तिचा दुसरा हात सोडला नाही.

दार लागलं तशी आई रस्त्याकडेलाच खाली बसली. खांद्याजवळ हात नेऊन म्हणाली, "ती गाडी हितनं गेली गं. वारा लागला." अंगावर करवंदीचे ओरखडे होते, बाकी काही नाही. टप्पा रद्द झाला. परतताना कराडला चहा घेतला आणि घरी आलो.

फोटो चांगले आलेत, पण या लेखात मी एकही लावलेला नाही. ती गाडी हवेत असतानाचाही एक आहे. तो एकदाच उघडला आणि बंद केला. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. फक्त वयस्कर माणूस सोबत असेल तर खालच्या गावातच सगळं उरकून मग वर बसा, आणि अधूनमधून कॅमेरा खाली घेऊन आपली माणसं बघा. मला हे सुचलं नव्हतं.

परवा त्या मुलीचा फोन आला. हाताला प्लास्टर आहे. तिला आजीशी बोलायचं होतं. आईनं जेवणाखाण्याची चौकशी केली आणि मग विचारलं, "परत बसणार हाईस का असल्या गाडीत?"

तिकडून लगेच आलं, "हो आजी."

आईनं पदर खोचला. मला वाटलं, आता पोरीची काही खैर नाही.

"बस," आई म्हणाली. "पर कवा हाय ते आधी सांग. आमी येतू."