पाणमांजरीचं मनगट

सगळी आळी तिला पाणमांजर म्हणायची. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. जाळं नाही, गळ नाही. गुडघाभर पाण्यात वाकून काठाच्या कपारीत खांद्यापर्यंत हात घालायची आणि भल्याभल्यांना हुलकावणी देणारा मिशाळ मासा अलगद बाहेर काढायची. ही विद्या वडिलांची. ते म्हणायचे, "मासा धरायचा नसतो गं, पटवायचा असतो." पोटाखालून बोटं न्यायची. शेपटीकडून वर वर, अगदी हलके फिरवायची. मासा सुस्तावतो, आपणहून तळव्यावर रेलतो. मग कल्ल्यांमागे मूठ आवळायची.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. भिंतभर घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. "या घरात वेळ सोडून सगळं मिळतं," असं नणंद म्हणायची. नणंद त्यांच्याकडेच राहायची, आणि तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की झोपेतच थांबायचा. वहिनी नदीवर निघाली की हीही धुवायच्या चादरींचं बोचकं घेऊन मागोमाग. बिचारी पाणमांजर वैतागायची. "वन्सं, मासे पळतात हो तुमच्या आवाजाने!" मग नणंद चार घटका गाल फुगवून बसायची.

त्या उन्हाळ्यात वरच्या बंधाऱ्याची दारं बंद झाली, नदी आटली आणि वळणावरच्या बंद पडलेल्या रंगकारखान्याची भिंत उघडी पडली. भिंतीच्या पायाशी, पाण्याखाली, मातीच्या एका रुंद नळाचं तोंड होतं. असल्या जागी मोठा मासा हमखास असायचा. भर दुपारी ती तिथे वाकली. नणंदेला आधीच दटावून काठावर बसवलं होतं.

हात आत गेला. पाणी बाहेरच्यापेक्षा गार. तिने बोटं पसरून चाचपलं. मासा नव्हता, गाळही नव्हता. हात काढून घेणार, एवढ्यात तिच्या मनगटाला खालून काहीतरी लागलं.

वेल असेल, असं तिला वाटलं. पण ते हललं. मनगटाच्या आतल्या बाजूने, जिथे नाडी लागते तिथून, कोपराकडे सरकलं. थांबलं. पुन्हा मनगटावर आलं आणि पुन्हा तसंच वर गेलं. हलके. घाई न करता.

खरं म्हणजे तिने किंचाळायला हवं होतं. पण तिला फार बरं वाटत होतं. कमरेतला ठणका गेला, डोक्यावरचं ऊन जाणवेनासं झालं. डोळे जड झाले. हाताचा सगळा भार तिने खाली सोडून दिला, आणि तो भार कुणीतरी पेलला. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की हे आपल्याला माहीत आहे. हे आपणच करतो. यानंतर काय करायचं असतं तेही तिला पाठ होतं, आणि तरीही हात मागे घ्यावासा वाटेना.

"अगंबाई वहिनी, चादर चालली! धरा, धरा!"

नणंदेच्या त्या आरोळीने काठावरची पाखरंसुद्धा उडाली. नळात काहीतरी सपकन मागे हटलं. पाणमांजर दचकून उताणी पाण्यात पडली. हात मोकळा होता. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. पण रात्री नवऱ्याने सहज हातावर हात ठेवला, तशी ती उठून बसली. मग सगळं बोलली. तो हसला नाही. त्याने विचारलं, "अगं, दुखलं का?"

"तेच तर सांगतेय ना. नाही दुखलं."

आठवडाभराने कारखान्याची ती भिंत डागडुजीला घेतल्याचं कळलं, तशी ती तडक तिथे गेली. पाणी आणखी उतरून नळाचं तोंड उघडं पडलं होतं. एकटा गवंडी कामाला होता; चाळिशीचा, धट्टाकट्टा गडी. घमेल्यातलं सिमेंट तसंच वाळत होतं. थापी बाजूला पडलेली, आणि तो गुडघ्यांवर बसून, गाल भिंतीला टेकवून, डोळे मिटून होता. उजवा हात काखेपर्यंत नळात.

तिने त्याची कॉलर धरली आणि आरडाओरडा करत त्याला मागे खेचलं. तो भानावर यायला वेळ लागला.

"काय झालं ताई? नळ किती खोल आहे ते बघत होतो. हातभरच आहे. पुढे वीट लागते."

"मग आत काय होतं?"

"काही नाही." तो ओशाळून हसला. "गार वाटत होतं, एवढंच." बोलता बोलता त्याचा डावा हात उजव्या मनगटावरून फिरत होता, खालून वर, खालून वर. "आज राहू दे. उद्या बुजवतो."

"उद्या नाही," ती म्हणाली. पदर खोचून तिने सिमेंटमध्ये पाणी ओतलं, स्वतः कालवलं आणि दगड ठासून नळाचं तोंड लिंपलं. हात आत जाणार नाही याची खबरदारी घेत, थापीच्या टोकानेच. गवंडी बघत राहिला. एकदा मात्र म्हणाला, "इतकं घट्ट कशाला?"

पुढे पाणी चढलं, भिंत बुडाली. ती वरच्या अंगाला, उथळ वाळूत मासे धरू लागली. तिथे स्वतःची बोटं स्वतःला दिसत. मासे लहान मिळत. आळीत म्हणू लागले, पाणमांजर म्हातारी झाली. तिने ऐकून सोडून दिलं.

वर्षभराने गवंडी गाव सोडून निघाला, तेव्हा मुद्दाम दारात आला. वाळला होता. भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, तुम्हाला कधी वाटतं का हो, परत जावं?"

"रोज," ती म्हणाली, आणि त्याला आत घेऊन चहा टाकला.