खाडीच्या वहीतली एक ओळ

जगात खरं बोलणारी माणसं पुष्कळ असतील. पण खरं बोलताना ते कधी, कुठे आणि कशाने मोजलं हेही सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यांची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. दोन्ही घरं मूळची अमळनेरकडची, आता सुरतेत, पांडेसऱ्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर. दोन गल्ल्या हे माझं म्हणणं. त्यांच्या मते चारशे दहा पावलं, चप्पल घालून.

मी एका मिलच्या प्रयोगशाळेत रंग तोलतो, त्यामुळे आकड्यांचा मला तिटकारा नाही. साडूभाऊ मात्र डुमसच्या बाजूला, खाडीकाठच्या एका संशोधन केंद्रावर एकोणीस वर्षं नोंदी घेत होते. सकाळी आठला खाडीत रोवलेल्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, खारटपणा पाहायचा, चिखलातली खेकड्यांची बिळं मोजायची आणि सगळं पेन्सिलीने वहीत उतरवायचं. पेन्सिलीने, कारण शाई पाण्यात पसरते. ही शिस्त त्यांनी घरीही आणली. त्यांच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: काय आहे, कधी केलं, कोणी केलं. एका बाटलीवर मी स्वतः वाचलंय, ‘ताक. खाडीचं पाणी नव्हे.’ ही चिठ्ठी लागण्याआधी काय घडलं ते आमच्या धाकट्या मेहुण्याला विचारावं; तो अजून त्या घरी ताक घेत नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात आचारी म्हणाला, साधारण चारशे पानं उठली. “साधारण म्हणजे कोणी मोजली?” असं म्हणून साडूभाऊंनी हॉलच्या दोन्ही दारांवर एकेक पाहुणा मोजायला बसवला, आणि एका दाराने येऊन दुसऱ्या दाराने गेलेले लोक दोनदा धरले गेले हे लक्षात आल्यावर वरमाईसमोर जाऊन खेद व्यक्त केला. त्या बिचारीला वाटलं, काही तरी देण्याघेण्यातलं राहिलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, त्या दिवशी माझ्या बायकोजवळ मन मोकळं केलं: “यासले घरना मानूस म्हनू का हवामान खातं म्हनू?”

वह्यांच्या बाबतीत तर त्यांचा कोणावरच भरवसा नव्हता. प्रत्येक पानाच्या तीन प्रती. एक केंद्रावर, एक घरी पलंगातल्या पेटीत, आणि तिसरी शहराबाहेर, कारण तापी एकदा घरात शिरली की पेटी कोणाची ते विचारत नाही. शहराबाहेर म्हणजे आमच्या सासऱ्यांकडे, गावी. सासरे त्या वह्या कडुनिंबाचा पाला घालून धान्याच्या कोठीत ठेवत आणि शेजाऱ्यांना सांगत, “थोरल्या जावयाने यंदाचं पाणी पाठवलं.”

याचा अर्थ ते आकडे दडवून ठेवत असा मुळीच नाही. कॉलेजातून कोणी आकडे मागायला आलं, की चहा पाजून, समोर बसवून सगळं सांगत: पट्टी कधी बदलली, कुठल्या महिन्यात खारटपणा मोजायचं यंत्र बिघडलं होतं, कुठल्या दिवशी होडी बांधल्यामुळे पट्टी नीट दिसली नाही. आकडे दोन मिनिटांत लिहून व्हायचे आणि टिपा दीड तास चालायच्या. “आकडा एकटा पाठवायचा नसतो,” ते म्हणत. “लेक सासरी पाठवतो तेव्हा पाठराखीण देतो की नाही?” केंद्राच्या प्रमुख मॅडम वयाने लहान, सुरतच्याच. त्या हसून म्हणायच्या, “काका, डेटा आपवानो छे, दीकरी नथी परणाववानी.” म्हणजे आकडे द्यायचेत, लेकीचं लग्न नाही लावायचं. साडूभाऊ गंभीरपणे सांगत, “मॅडम, दीकरी निदान फोन करते. आकडा गेला की गेला.”

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा याच मॅडमनी ठरवलं, की एकोणीस वर्षांच्या सगळ्या नोंदी संगणकावरच्या खुल्या संग्रहात ठेवायच्या. जगात कोणीही, कुठूनही, फुकट उतरवून घ्यावं. अट एवढीच, की प्रत्येक ओळीपुढे नोंद कोणी घेतली ते नाव हवं, आणि एकदा संग्रह बंद झाला की पुढे त्यात काही बदलता येणार नाही.

इथे माझा संबंध येतो. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साडूभाऊ आठ दिवस गावी जात आणि केंद्राच्या परवानगीने ते आठ दिवस पट्टी मी वाचत असे. एकोणीस वर्षं, आठ दिवस. एकशे बावन्न सकाळी. ड्यूटीच्या आधी मोटारसायकलवर जाऊन यायचं. वही मला देताना ते दरवर्षी तेच सांगत: “जे दिसेल ते लिहा. नाही दिसलं तर नाही दिसलं लिहा.”

संग्रह बंद व्हायच्या दोन दिवस आधी ते घरी आले. वही उघडून माझ्यासमोर ठेवली.

“साडूभाऊ, अकरा वर्षांपूर्वीची आखाजी, पाचवा दिवस. तुम्ही गेला होतात?”

“का हो?”

“तुमच्या प्रत्येक पानावर चिखलाचं बोट आहे. या पानावर नाही.”

मी गेलो नव्हतो. त्या पहाटे मिलमधून फोन आला, एका लॉटचा रंग फसला होता आणि मला तिकडे धावावं लागलं. दुसऱ्या दिवशी चौथ्या आणि सहाव्या दिवसाच्या मधला आकडा काढून मी पाचव्या पानावर लिहिला. एक मीटर बासष्ट. अकरा वर्षं तो तिथे बसून होता आणि दिसायला इतर आकड्यांहून गरीब होता. मी सगळं सांगितलं.

ते वहीची पानं मागेपुढे उलटत राहिले. बायको चहा ठेवून आत गेली, तो निवला. मला कळत होतं ते काय मोजताहेत. माझा एक आकडा खोटा, तर उरलेले एकशे एक्कावन्न कशावरून खरे? ते सगळे खोडले, तर त्यांच्या एकोणीस वर्षांना दर उन्हाळ्यात एक भोक पडणार होतं. आणि ठेवले, तर माझ्या शब्दावर ठेवावे लागणार होते.

“बाकीचे?” त्यांनी विचारलं.

“बाकीचे सगळे पाहून लिहिले. तापात होतो त्या दिवशीसुद्धा.”

“लेखी द्या.”

मी लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गार चहा पिऊन निघून गेले.

संग्रह खुला झाल्यावर मुलाने तो मला संगणकावर उघडून दिला. एकशे एक्कावन्न ओळींपुढे माझं नाव होतं. पाचव्या दिवसाचा रकाना कोरा होता आणि शेजारी साडूभाऊंची टीप: ‘नोंद नाही. निरीक्षक मिलच्या कामात अडकले होते. त्यांनी ही चूक स्वतःहून सांगितली.’

स्वतःहून मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तेव्हा सांगितलं. एकोणीस वर्षांच्या त्या सगळ्या नोंदींत न घडलेली गोष्ट एवढी एकच आहे, आणि ती आता कोणाला बदलता येत नाही. साडूभाऊंच्याच नियमाप्रमाणे मी हे मॅडमना कळवायला हवं. अजून कळवलेलं नाही.