काट्याच्या खिडकीतली फाईल

साळवे मॅडम रोज सकाळी काट्यावर जाऊन उभ्या राहायच्या. काटा म्हणजे आमच्या साखर कारखान्याचा वजनकाटा, ज्यावर उसानं भरलेला ट्रक चढतो. त्या भल्यामोठ्या लोखंडी पत्र्याच्या मधोमध चपला काढून त्या उभ्या राहायच्या आणि खिडकीत बसलेल्या मला विचारायच्या, "भाऊसाहेब, किती दाखवतोय?" समोर गाडीतळावर पन्नास-साठ बैलगाड्या, ट्रॅक्टर, तोडणीची माणसं. बाईमाणसाचं वजन असं चव्हाट्यावर काय सांगायचं, म्हणून मी पुटपुटायचो, "पन्नास." त्या म्हणायच्या, "ऐकू येत नाही." मग मला ओरडावं लागायचं आणि गाडीवान तोंडाला रुमाल लावून हसायचे.

एकदा मी वैतागलो. म्हटलं, "मॅडम, वीस-वीस किलोची तपासायची वजनं आहेत ना आपल्याकडं. ती ठेवली की झालं. तुम्ही कशाला चढता?" त्या म्हणाल्या, "ती वजनं कारखान्याची आहेत, भाऊसाहेब. लोकांचा त्यांच्यावर विश्वास नाही. मला मात्र ते डोळ्यांनी बघतात. ही बाई पन्नासच्या आसपास असणार हे कुणालाही कळतं." मी मनात म्हटलं, हे प्रकरण जरा अवघड आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तेव्हा काटा क्लार्क होतो, वीस वर्षं त्याच खिडकीत. शेवगावच्या वाटेवरचा आमचा कारखाना, आणि तिथं कॉम्प्युटरसाठी नगरहून ही सव्वीस वर्षांची सुजाता साळवे आली. बौद्ध कुटुंबातली. वडील नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर होते. त्यांचा कारखाना बंद पडला आणि ते घरी बसले, धाकटी दोघं अजून शिकत होती. मॅडमची नेमणूक हंगामापुरती, कंत्राटी. पहिल्याच आठवड्यात चहा पिताना त्यांनी मला सरळ सांगितलं, "मला इथं कायम व्हायचंय, भाऊसाहेब. घरात दुसरं कुणी कमावत नाही." इतकं उघडं बोलणारं माणूस मला नोकरीत कधी भेटलं नव्हतं. आम्ही पोटातलं ओठावर येऊ न देता पगार घेणारी माणसं.

तोवर काट्याला पुण्याच्या एका कंपनीचा प्रोग्राम होता. तो एका डबीवर चालायचा. डबी कॉम्प्युटरच्या मागं खोचलेली असली तरच सुरू, काढली की बंद. आत काय चालतं ते कंपनीलाच ठाऊक. बिघाड झाला की तिकडून माणूस यायला चार दिवस लागायचे. शेतकऱ्यांना तर काट्याचा संशय आधीपासूनच. त्यात वाघ गुरुजी म्हणजे संशयाचा कळस. प्राथमिक शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले, चार एकर ऊस, आणि प्रत्येक वजनपावती तारेत ओवून ठेवायची सवय. खिडकीशी येऊन मला म्हणायचे, "छापून आलं म्हंजी खरं व्हय रं? आधी तुझा हात चोर हुता, आता हे यंत्र." मी चिडायचो. मॅडम चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, दाखवा म्हटलं की दाखवता आलं पाहिजे. हा दाखवता येत नाही, म्हणजे तुमचा संशय रास्त आहे."

आणि त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहायला घेतला. तोही लिनक्सवर. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी त्यांनी पुण्याहून मिळवली होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच कळलं, की जगभरातल्या माणसांनी मिळून काहीतरी बनवलंय आणि ते आतून-बाहेरून कुणालाही बघायची, बदलायची मुभा आहे. मी म्हटलं, "फुकटात मिळतंय म्हणजे काहीतरी खोट असणार." त्या म्हणाल्या, "माझे वडील म्हणतात, ज्या मशिनचं झाकण उघडायला मनाई आहे, ते मशिन विकत घेतलं तरी आपलं नसतं. यात फुकटाचा प्रश्न नाही, भाऊसाहेब. उघडता येतं की नाही, एवढाच प्रश्न."

इंटरनेट तेव्हा आमच्याकडं म्हणजे कारखान्याच्या मॅनेजर साहेबांच्या केबिनमधला फोन. पुण्याचा नंबर लावायचा, मोडेम किंचाळायचं, आणि वारा सुटला की लाइन तुटायची. रविवारी एसटीडीचा दर कमी, म्हणून मॅडम रविवारी यायच्या. एकदा कुठंतरी अडल्या, त्यांनी प्रश्न लिहून पाठवला आणि पुढच्या रविवारी ब्राझीलमधल्या कुणा माणसाचं चांगलं पानभर उत्तर आलं. खाली त्यानं विचारलं होतं, तुमच्याकडं बैलगाडीचं वजन घेताना बैल सोडतात का? मॅडमनी ते मराठीत सगळ्यांना वाचून दाखवलं. एक गाडीवान म्हणाला, "तिकडं बी ऊस हाय व्हय?" दुसरा म्हणाला, "बैल न्हाई सोडत म्हनावं, पर येकदा येऊन बग." दुपारच्या एसटीनं इंग्रजी पेपर यायचा, त्यातल्या अशा बातम्या त्या चहाच्या वेळी सांगायच्या. अमुक कंपनीनं आपला प्रोग्राम मोकळा केला, तमुक कंपनीवर अमेरिकेत खटला भरला. आम्ही भावकीतल्या भांडणासारखं चवीनं ऐकायचो.

प्रोग्राम लागला त्या दिवशी मॅडमनी तो अख्खा छापून काढला आणि फाईल करून खिडकीत दोरीनं बांधली. अकरा पानं. समासात निळ्या शाईनं मराठीत लिहिलं होतं, या ओळीत भरलेलं वजन येतं, या ओळीत रिकामं वजा होतं, इथं मोळ्यांच्या बांधणीची कपात. फ्लॉपी आणली की प्रत मिळेल, असंही वर लिहिलं होतं. लोक खो-खो हसले. "म्याडम, आमाला काय कळतंय यातलं?" त्या म्हणायच्या, "तुम्हाला नाही कळलं तर ज्याला कळतं त्याला घेऊन या." शेवगावचा कॉम्प्युटर क्लासवाला खरंच आला आणि प्रत घेऊन गेला. मला वाटलं, हौस आहे, चार दिवसांत फाईलला पानाचे डाग पडतील आणि कुणी बघणार नाही.

वाघ गुरुजी मात्र बघायला लागले. चष्मा पुसून रोज अर्धा तास खिडकीशी उभे. शेवटी मॅडमनी आत बोलावून खुर्ची दिली आणि दोन-तीन दुपारी बसून त्यांना शिकवलं, ही खूण म्हणजे वजाबाकी, ही अट, इथून उडी. सत्तरीचा माणूस, पाचवीतल्या पोरासारखा वहीत उतरवून घ्यायचा. मी चेष्टा केली, "गुरुजी, आता तुम्हालाच नेमतात बघा." ते म्हणाले, "गप ए, गनित हाय हे. निस्तं विंग्रजीत लिवलंय."

महिन्याभरानं गुरुजी पावत्यांची तार आणि वही घेऊन आले. चेहरा पडलेला. म्हणाले, "पोरी, कपात झाल्यावर शेवटचा आकडा तू पाडतीयास. चार किलो असलं तर सोड, पर नऊ किलो असलं तरी शून्यच." मॅडमनी चौथं पान काढलं, बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. पाचच्या वर गेलं की पुढचे दहा धरायचे, हे हातानं पावती लिहिताना आम्ही वर्षानुवर्षं करत होतो. प्रोग्रामात ती एक ओळ लिहायची त्या विसरल्या होत्या. प्रोग्राम लागून दोन महिने झाले होते, आणि रोज कित्येक गाड्यांमागं काही किलो ऊस कारखान्याच्या घशात जात होता. त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "माझंच आहे हे."

गुरुजींनाच उलटं वाईट वाटलं. म्हणाले, "मी कुनाला सांगनार न्हाई. गुपचूप दुरुस्त कर." मीही तेच सांगितलं. मॅडमनी मात्र स्वतःच साहेबांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, मीही बरोबर होतो. साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "आजच दुरुस्त करा आणि फाईल थोडे दिवस आत ठेवा. हंगाम संपला की तुमचं कायम करायचं प्रकरण बोर्डापुढं येतंय. मी शिफारस केली आहे. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका." मॅडम म्हणाल्या, "साहेब, चूक सापडावी म्हणूनच ती फाईल तिथं आहे. सापडल्यावर आत ठेवली, तर मी दोन महिने सगळ्यांना फसवत होते असं होईल." त्यांना वडील दिसत असणार, घरातली दोघं दिसत असणार. मला तरी दिसत होती.

दुपारी फाईलच्या वर कागद लागला. "या प्रोग्रामात चूक होती. पावतीवर काही किलो कमी येत होते. चूक वाघ गुरुजींनी शोधली. चूक माझी आहे. सर्व पावत्या दुरुस्त करून मिळतील." खाली पूर्ण नाव, आणि चौथ्या पानावरच्या त्या ओळीभोवती तांबडं वर्तुळ.

तीन दिवस काट्यावर नुसता गोंधळ. लोक नको नको ते बोलले. एकानं आडनावावरून काढायचं ते काढलं, तेव्हा वाघ गुरुजींनी भर गाडीतळावर त्याची गचांडी धरली. मॅडम खिडकीतून हलल्या नाहीत. एकेक पावती घ्यायच्या, नवी छापून द्यायच्या, सही करायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्यानं सगळ्यात जास्त तोंड सोडलं होतं तो नवी पावती खिशात घालून म्हणाला, "ताई, पानी पिलात का?" त्यानंतर हंगाम संपेपर्यंत वजनावरून माझ्या खिडकीशी एकही भांडण झालं नाही. वीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

हंगामाच्या शेवटी बोर्डाची मीटिंग झाली. मला आत बोलावलं. एका संचालकानं विचारलं, "त्या तीन दिवसांत काट्यावर गोंधळ झाला की नाही?" मी म्हणालो, "झाला." त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि मीही पुढं काही बोललो नाही. नंतरच्या शांततेचं सांगता आलं असतं. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. पण माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती आणि समोर बारा संचालक बसले होते. मॅडमचं कंत्राट वाढलं नाही. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मला मान वर करवली नाही.

पुढच्या हंगामाला पुण्याची कंपनी आणि तिची डबी परत आली. पहिल्याच दिवशी पहिल्या गाडीवाल्यानं खिडकीत हात घालून चाचपलं आणि विचारलं, "फाईल कुठंय?" ज्याला स्वतःची सही धड येत नाही असा माणूस. मी म्हटलं, "या कंपनीची फाईल नसते." तो म्हणाला, "मंग म्या गाडी न्हाई चढवीत." मागचा म्हणाला, मीही नाही. दुपारपर्यंत रस्त्यावर दोन मैल गाड्या तटल्या, आणि कारखान्याच्या गव्हाणीत गाळपासाठी टाकायला ऊस उरला नाही. कंपनीनं फोनवर सांगितलं, प्रोग्राम दाखवता येणार नाही. तेवढ्यात वाघ गुरुजी शेवगावच्या क्लासवाल्याला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन आले. चूक दुरुस्त झाल्यावर मॅडमनी दिलेली नवी प्रत त्याच्याकडं होती. साहेबांनी बोर्डाला फोन केला, आणि चार वाजता मॅडमचा प्रोग्राम पुन्हा काट्यावर चालू झाला. फाईल गुरुजींनी स्वतःच्या हातानं बांधली.

मी धावत गेटवरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. मॅडम पुण्यात कुठंतरी तीन-तीन महिन्यांच्या बोलीवर काम करत होत्या, तिथला नंबर लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"मला परत बोलावलंय का, भाऊसाहेब?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं." मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजींना सांगा, सहावं पान अजून कुणी नीट तपासलेलं नाही. मीच लिहिलंय, म्हणून मला त्यातलं काही दिसत नाही. दुसऱ्या कुणीतरी वाचायला हवं."

मीटिंगमध्ये मी काय बोललो आणि काय गिळलं, ते सांगायचं म्हणूनच खरं तर मी धावत गेलो होतो. जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "सांगतो गुरुजींना," आणि फोन ठेवला. सहावं पान गुरुजींच्या शेजारी बसून मीही वाचलं, त्यात चूक निघाली नाही. मॅडम आज कुठं आहेत मला नक्की माहीत नाही. मी "झाला" एवढंच बोललो म्हणून त्यांची नोकरी गेली, हे त्यांना अजून ठाऊक नाही. आता हे छापून येईल. त्या वाचतील.