कवडीची दीर्घिका

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंगणात बसून मूठभर कापूस निवडणं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सहा-सात वर्षं झाली होती. वस्तीतल्या बायांना मास्तर दुपारी लिहा-वाचायला शिकवत, त्या वर्गात माझी बायको जाई. दुसऱ्या दिवशी तिला उभं राहून सगळ्या बायांना एक धडा सांगायचा होता. चार माणसांत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. धास्ती होती, पण हौस त्याहून जास्त.

धडा होता फार दूरच्या एका दीर्घिकेचा. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा भला मोठा जमाव. आपली आकाशगंगा तशीच एक. ही मात्र अंड्यासारखी लंबगोल. पुस्तकातला फोटो अंगठ्याएवढा, म्हणून ती कापसाची करून दाखवणार होती.

मी सवयीनं पांढरा कापूस तिच्यापुढं सारला आणि कवडी, म्हणजे डागाळलेला पिवळा कापूस, बाजूला टाकला. तिनं नेमकी कवडीच उचलली.

"अवं, चांगला सोडून कवडी काहून घेऊन राह्यली?"

"म्हातारे तारे हायेत तिथं. पिवळे, लालसर. नवे आता होतच नाईत."

"म्हंजे आपलंच घर." आम्हाला मूल नव्हतं.

"असू द्या. उजेड किती हाये पाहा! इथं पोचाले कोट्यवधी वर्सं लागली त्याले."

तिथं धूळ जवळजवळ नसते, असं पुस्तकात होतं. म्हणून तिनं कवडीत अडकलेली सुक्या पानांची पत्तीन् पत्ती नखानं वेचली. बाजारात न्यायचा कापूसही आम्ही एवढा साफ कधी केला नव्हता. मग गोळा मधे दाट, कडेला विरळ असा फुलवला.

"काहींले चक्रीसारखे हात असतात," ती म्हणाली, "हिले नाईत. तुमी या ना उद्या ऐकाले."

"बायकोचं भाषण ऐकाले? लोक हासतीन मले."

"हासू द्या."

येतो म्हणायला काय जात होतं माझं? नाही म्हटलं.

पहाटे ती उठलीच नाही.

सकाळी वर्गातल्या बाया अंगणात तिच्याभोवती जमल्या. आज वर्ग बंद, असं मास्तर हळूच म्हणाले.

"बंद कायले?" मी म्हटलं. "बाया तं साऱ्या इथंच हायेत."

आतून तो गोळा आणला. तिच्या उशाशी उभा राहिलो आणि सांगितलं. ही लंबगोल आहे. हिला हात नाहीत. हिच्यात धूळ नाही. एका बाईनं पदर तोंडावरून काढून विचारलं, "पिवळी काहून हाये, भाऊ?"

तेही सांगितलं.