हँडलवरचा पंचरंगी झेंडा

कृपा हा शब्द आमच्या घरात चालत नाही. आम्ही बौद्ध, नवस नाही, अंगारा नाही, आणि आमचे हे तर कळमनुरीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना मीही सरच म्हणते. त्यामुळे लडाखच्या खिंडीत आमच्यासोबत जे झालं त्याला काय नाव द्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जे झालं ते मात्र सांगते.

मोटारसायकलवरून त्या खिंडीत जायचं हे सरांचं तरुणपणापासूनचं वेड. माथ्यावरच्या पाटीजवळचा फोटो आणीन, असं त्यांनी वर्गाला कबूल केलं होतं. लेहला उतरल्यावर दोन दिवस नुसता आराम करा, असं गाडी भाड्याने देणाऱ्यानं बजावलं. "आमी हिंगोलीच्या उन्हात राबलेली माणसं, आमाला काय होतंय?" म्हणत यांनी दुसऱ्याच सकाळी गाडी काढली. उंचावर हवा विरळ असते, हे दरवर्षी फळ्यावर लिहिणारा माणूस! निघताना मी छोटा पंचरंगी धम्मध्वज हँडलला बांधला, तर म्हणाले, "काहून बांधून राहिलीस? लिंबू-मिरचीच झाली ही." मला राग आला, पण मी गाठ सोडली नाही.

माथा एका वळणावर राहिला असताना त्यांनी गाडी थांबवली आणि चावी कुठंय म्हणून विचारलं. चावी गाडीलाच होती. मी दाखवली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्यांचे ओठ जांभळे पडले होते. मी हात केला, तर मोटारसायकलवाले उलट हात हलवून पुढं जात होते. त्यांना वाटलं, आम्ही बर्फ बघत बसलोय. मला गाडी चालवता येत नाही, फोनला रेंज नव्हती. माणूस हातचा जातो की काय, असं वाटलं. देवाकडं काही मागायचं तर तशी सवयच नाही आम्हाला. त्यांचा हात धरून मी नुसती त्रिसरण म्हणत बसले.

खाली जाणारी एक जीप आम्हाला ओलांडून थोडी पुढं जाऊन थांबली. तिच्यातून एक म्हातारी लडाखी बाई आणि तिचा मुलगा उतरले. बाईनं आधी झेंड्याला हात लावून कपाळाला लावला, मग सरांचा चेहरा पाहिला. "ऊपर नहीं, बेटा. नीचे," एवढंच म्हणाली. सर वर बोट दाखवत होते, "एकच वळण हाय, पोरं फोटोची वाट बघतेत." तिनं त्यांचा दंड धरला, आणि बावीस वर्षांत माझं एक न ऐकलेला माणूस मुकाट्यानं जीपमध्ये जाऊन बसला. जीप ड्रायव्हर चालवत होता, मुलानं आमची मोटारसायकल खाली आणली.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. आणखी वर गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. रस्त्याकडेला माणसं रोजच थांबलेली असतात, झेंडा दिसला म्हणून आम्ही उतरलो, असं बाईनं सांगितलं. मी तिच्या पाया पडले आणि पोटभर रडले.

शाळेत सरांनी वर्गाला सांगितलं, फोटो नाही, कारण माझं चुकलं. मी त्या दिवशी काही मागितलं नव्हतं, तरी मिळालं. असं कसं, हे विचारायचं मी सोडून दिलंय. संध्याकाळी वंदनेला बसले की त्या बाईच्या नावानं एक फूल जास्त ठेवते, मन निवतं.

परवा जवळा बाजार गावाला निघताना सर स्कूटरच्या हँडलला तोच झेंडा बांधत होते. मी मुद्दाम विचारलं, "लिंबू-मिरची व्हय?"

गाठ आवळत ते म्हणाले, "न्हाई. कुणाला तरी दिसावा म्हणून."