ग्रँटबाईंची कोंबडी

तळेघरच्या आमच्या उतारावर एकेकाळी विद्यापीठाची नाचणी होती. म्हणजे जमीन आमची, राबणं आमचं. वाफ्यावाफ्यात रोवलेल्या नंबराच्या पत्र्याच्या पाट्या तेवढ्या विद्यापीठाच्या. पुण्याची एक पोरगी नाचणीवर पडणाऱ्या करप्याचा अभ्यास करत होती. पहिली दोन वर्षं ती जीपमधून आली. सोबत सर, ड्रायव्हर, वजनकाटा आणि पाण्याच्या विकतच्या बाटल्या. तिसऱ्या वर्षी घोडेगावहून एसटीनं एकटीच आली.

सासूबाईंनी विचारलं, "जीप कुठं गेली गं?"

"आजी, या वर्षी ग्रँट आली नाही."

"का? बरं न्हाई का तिला?"

"वरूनच कपात झाली. सरकारकडे पैसे नाहीत म्हणे."

"मग यील की एसटीनं. तू आलीस तशी."

सासूबाईंच्या लेखी ग्रँट ही कोणी मोठी बाई होती, जीपशिवाय न हलणारी. मला खरं काय ते ठाऊक होतं. पंचायत समितीत मी तो शब्द ऐकला होता. तिथंही ती कधी आलेली नसायची. पण सासूबाईंना दुरुस्त करायची माझी प्राज्ञा नव्हती.

जाताना पोरगी मला म्हणाली, "वहिनी, मी आल्याशिवाय कापू नका. कुठल्या वाफ्यात किती पिकलं ते कळलं नाही, तर तिन्ही वर्षं वाया. माझी पीएचडीच गेली."

कार्तिक लागला. नाचणी पिकून वाकली, पाखरं दाणे टिपायला लागली. पोरगी येईना. धाकटे दीर येता-जाता म्हणायचे, "वैनी, पाखरांनी मंजुरी आणलेली दिसतीय. आपलीच फाईल अडली." सासूबाईंनी मात्र ग्रँटबाईंसाठी एक कोंबडी राखून ठेवली होती. एवढी मोठी बाई, नुसत्या पिठल्यावर कशी बोळवायची?

मग एका दुपारी आभाळ भरून आलं. भिजली असती तर कणसं काळी पडली असती. मी घरात आपणहून कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलले, "आत्याबाई, खुडू या. पण एका वाफ्याचं दुसऱ्यात जाऊ द्यायचं न्हाई."

जुन्या लुगड्यांचे तुकडे केले. एका वाफ्याची कणसं एका तुकड्यात, त्याच वाफ्याची पाटी त्यातच, वर गाठ. सगळी गाठोडी आढ्याला टांगली. घरात एकदम पाळणेच पाळणे झाले.

पोरगी आली ती रजा काढून, स्वतःच्या खर्चानं. कुठंतरी शिकवायच्या नोकरीला लागली होती. मोकळं रान बघून उंबऱ्यातच बसली. "कापलंत?" एवढंच म्हणाली आणि तोंड झाकून रडायला लागली. मी तिच्या दंडाला धरलं आणि वर बोट दाखवलं.

तिनं एक गाठोडं सोडलं. पाटी निघाली. दुसरं सोडलं. मग रडतच हसायला लागली.

दुकानदाराच्या तराजूवर सगळं वजन झालं. विद्यापीठाचं संशोधन त्या वर्षी साबुदाणा तोलायच्या वजनांनी पार पडलं. सासूबाईंनी कोंबडी कापली, ती तिला वाढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला एसटीवर सोडायला गेलो. गाडी हलली तशी सासूबाई खिडकीशी चार पावलं चालत म्हणाल्या, "ग्रँटबाईंना निरोप दे गं! म्हणावं, आता न्हाई आलात तरी चालंल. कोंबडी संपली."