बोडक्या डोक्याने मुलगी बघायला

मी मुलगी बघायला गेलो त्या दिवशी माझे सासरे पंधरा मिनिटं मेलेले होते. दोष माझ्या केसांचा!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी जळगावात कारकून, कानांवर केस, मानेवर केस. शिंदखेड्याकडे मुलगी बघायला निघालो, तर नानांनी (माझ्या वडिलांनी) कोरी पांढरी टोपी पुढे केली.

"घाल. तिकडे लागते."

"नाना, केस बसतील!"

"बसू देत. मुलगी तुला देताहेत, केसांना नाही!"

टोपी घातली. एस.टी.त नानांना डुलकी लागताच पिशवीत कोंबली.

फाट्यावर नानांना कोणी ओळखीचं भेटलं. "हो पुढे, आलोच," म्हणाले. मे महिन्याचं ऊन! मी शेतातल्या पायवाटेने घामाघूम होऊन, धापा टाकत पोचलो. ओट्यावर मुलीची आत्या, अक्का, उडीद निवडत बसल्या होत्या.

"आबांचं घर हेच ना?"

अक्कांनी माझं तोंड पाहिलं. मग डोकं पाहिलं. त्या काळी त्या गावात परका माणूस बोडक्या डोक्याने दारात आला, तर तो एकच निरोप घेऊन यायचा. आणि मुलीचे वडील आबा नेमके आम्हालाच आणायला मोटारसायकलवर फाट्याकडे गेलेले!

"मना भाऊ गया वं माय!" अक्कांनी सूप भिरकावलं.

"अहो अक्का, मी... ते मुलगी..."

"पोरनं कसं व्हई आते!"

गल्ली जमली. दारात एक निळ्या साडीतली मुलगी रडायला लागली. तीच असणार! रडतानाही मला फार आवडली. आता माझा एक दोष सांगतो. समोर कोणी रडलं की मला राहवत नाही. (लोकांच्या मुली सासरी निघाल्या तरी मी रडतो.) स्थळ गेलं, मुलगी पोरकी झाली, या विचाराने मीही हमसून हमसून रडू लागलो. झालं! ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली.

तेवढ्यात नानांना मागे बसवून आबाच आले. "कोन मरनं रे?" ते घाबरून ओरडले.

गल्लीने डोळे पुसले. रडत होतो फक्त मी.

"तुम्हीच, आबा!" मी हुंदका दिला.

नानांनी पिशवीतून टोपी काढली आणि माझ्या भुवयांपर्यंत दाबली.

तरी आठवड्याने होकार आला! लग्नानंतर मी ऐटीत बायकोला विचारलं, "काय बघून हो म्हणालीस? केस ना?"

"केस कसले! अक्का म्हणे, अनोळखी मानूससाठे जो इतला रडस, तो बायकोपुढे काय तोंड उघडी? दी टाका पोर!"

इतकी वर्षं झाली. अजून उघडलेलं नाही.